बदल असल्यास

“आठवत नाही, मॅडम.” एवढे तीन शब्द मी एकदा कचेरीत बोललो. मला सगळं आठवत होतं. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही, आणि ज्या मॅडमना उद्देशून बोललो त्यांनाही पुढे कधी सांगितली नाही. दिवाळी अंक काढणाऱ्या मित्राने ‘तहसीलातल्या गमतीजमती लिहा’ म्हणून गळ घातली, तेव्हा मी दोन वर्षं टाळाटाळ केली ती यासाठीच. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की त्यांच्या मागून एक बाई येऊन उभी राहते. नुसती उभी राहते. तिला बाजूला सारून पुढे लिहिता येत नाही.

आता मी नांदेडला असतो. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन वर्षं झाली. दुपारचं जेवण झालं की पंख्याखाली डोळा लागतो आणि हटकून तीच जागा दिसते. कचेरीची लांबच लांब पडवी, अंगणातल्या लिंबाची सावली, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायका. प्रत्येकीच्या मांडीवर कॅरीबॅगेत गुंडाळलेले कागद. मी नाव पुकारतो, एक जण उठते, पदर सारखा करते आणि माझ्या टेबलाकडे चालू लागते. चालतच राहते. पडवी संपत नाही, टेबल जवळ येत नाही, आणि मला मात्र तिची काही घाई वाटत नाही, उलट वाटतं की ती अशीच चालत राहावी, पोचूच नये. मग घरातून चहाची हाक येते.

मी मूळचा नायगावचा. बी.ए. झालो आणि महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो. चाकूर झालं, अहमदपूर झालं, आणि फिरत फिरत लातूर जिल्ह्याच्या खालच्या अंगाला, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याला जाऊन पडलो. तालुक्याचं नाव लिहीत नाही. भूकंपाला तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. मला ‘निराधार’चं टेबल मिळालं.

ज्यांचा कचेरीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना कुणाचा आधार नाही, म्हणजे विधवा, टाकून दिलेल्या बायका, अपंग, एकटे म्हातारे, त्यांना सरकार महिन्याला थोडी रक्कम देतं. कागदावर तिला ‘अनुदान’ म्हणतात. घेणारे ‘पगार’ म्हणतात. “माझा पगार आला का हो साहेब?” असं एखादी आजी विचारायची तेव्हा गंमत वाटायची, माझ्या आणि तिच्या पगाराची तारीख एकच असल्यासारखी ती माझ्याकडे बघायची. तर या लोकांनी वर्षातून एकदा कचेरीत यायचं, आपण हयात आहोत हे समक्ष दाखवायचं, आणि घरच्या परिस्थितीत काही फरक पडला असेल तर तो आपणहून कळवायचा. लग्न केलं, मुलगा कमावता झाला, गाव सोडलं, असं काही. त्यासाठी फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता: ‘बदल असल्यास’. माझी निम्मी नोकरी त्या रकान्यात गेली.

कारण ‘काही बदल?’ असं विचारलं की माणसं खरंच विचार करायची. कुणी सांगायची, “म्हस व्याली.” कुणी सांगायची, “डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय, उजव्याचं ठीक हाय.” एका म्हातारीने बराच वेळ आठवून सांगितलं, “शेजारीन आता बोलती माझ्याशी.” मी ते लिहून घेतलं नाही, पण विसरलोही नाही. एक खानसाब यायचे. निजामाच्या काळात शिपाईगिरी केलेले, नव्वदीला टेकलेले. टेबलाशी आले की सरळ उभे राहून म्हणायचे, “हयात हूँ, साब. बदल कुछ नही. बदलने को बचा क्या है?” आणि सही करायचे, उर्दूत, इतकी देखणी की ती फॉर्मच्या चौकटीत मावायची नाही. एका वर्षी ते आले नाहीत. तो बदल कळवायला कुणी नव्हतं.

माझ्याकडच्या बऱ्याच बायका एका पुनर्वसित गावच्या होत्या. जुनं गाव भूकंपात बसलं, आणि चार कोसांवर माळावर नवं वसवलं. मी चौकशीसाठी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा भर दुपारी स्वप्नात शिरल्यासारखं वाटलं. रुंद सरळ रस्ते, त्यांवर माणूस नाही, आणि दोन्हीकडे एकसारखी घरं. तेच छप्पर, तेच दार, तीच खिडकी, मैलभर. भिंतींवर नंबर होते पण ते उन्हापावसाने पुसट झालेले. विचारलं तर लोक पत्ता सांगायचे तो जुन्या गावाचा: “मारुतीच्या मागं, आडाच्या अंगाला.” तिथे मारुती नव्हता, आड नव्हता, मोकळा माळ होता. पण सांगणारा बोट दाखवायचा आणि ऐकणारा त्या दिशेने निघायचा, आणि पोचायचाही. मीच एकटा हरवायचो.

त्या गावची शेवंताबाई. भूकंपाच्या आधी सहा महिने तिचं लग्न झालेलं होतं. नवरा, सासू, सासरा एकाच भिंतीखाली गेले. ती माहेरी आली होती म्हणून वाचली. दीर पुण्याला कामावर होता म्हणून तोही वाचला. तिला नव्या गावात घर मिळालं, निराधारचा पगार सुरू झाला, आणि ती रोजमजुरी करून एकटीच राहिली. मी त्या टेबलावर आलो तेव्हा पस्तिशीच्या आसपासची असेल. रंगाने सावळी, बोलायला तिखट. शाळेत गेलेली नव्हती, अंगठा करायची.

माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. मार्च महिना, पडवी भरलेली, आणि शेवंताबाईचा नंबर आला.

“लग्न केलंय का पुन्हा?” मी फॉर्मवरून मान वर न करता विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येक विधवेला विचारायचो, सत्तर वर्षांच्या म्हातारीलासुद्धा. फॉर्मात होता म्हणून.

“न्हाई साहेब. लगीन कसं करंन? लगीन एकदाच असतंय.”

मी ‘नाही’ लिहिलं.

“म्होतूर लावलाय औंदा.”

माझं पेन थांबलं. आमच्याकडे विधवेच्या दुसऱ्या लग्नाला मोहतूर म्हणतात. त्याला मांडव नसतो, हळद नसते, बँड तर नाहीच. चार माणसं बसतात, नवं लुगडं देतात, बांगड्या भरतात, झालं. जातपंचायतीला ते मान्य, गावाला मान्य, आणि कायद्याच्या नजरेनेही तो पुनर्विवाहच. पण बायकांच्या लेखी लग्न वेगळं आणि मोहतूर वेगळं. हे मला चांगलं ठाऊक होतं. नायगावला आमच्या गल्लीतच अशी दोन घरं होती.

“अहो बाई, म्हणजे ते लग्नच की.”

“कसं लग्नच? हळद लागली का? बाशिंग बांधलं का? तुमच्या कागदावर काय इचारलंय, लगीन. ते न्हाई. पर बदल हाय, म्हनून सांगायलेय. मागनं कुनी म्हनू ने, शेवंतानं लपवलं.”

“कुणाशी लावलाय?” हे फॉर्मात नव्हतं. मी उगीच विचारलं.

“आमच्याच गावचा हाय. तुळशीराम. तिसऱ्या वळीतला.” ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली. “त्याची बी बायकू भुईकंपात गेली. तवाधरनं एकटाच. आता आमच्या गावात घरं कशी, तुमी बघितलाव. रानातनं आला की चुकायचा आन् माझ्या घरात घुसायचा. एकदा चुकला, दोनदा चुकला. एकदा तर सरळ आत येऊन माठातलं पानी पेला, आन् म्हनला, ‘माठ कुनी हलीवला?’ म्या म्हनलं, बाबा, घर चुकलास. तर म्हनला, ‘असंल, पर पानी गार हाय.’ धा-बारा वर्सं चुकत व्हता साहेब. औंदा म्हनलं, आता ऱ्हा हितंच.”

रांगेतली मागची बाई फिसकन हसली. “खोटं हाय साहेब. हिच्याच दाराला कडी नसायची!”

“तुज्या दारात कुनी चुकून बी येईना म्हनून पोटात दुखायलंय व्हय गं तुज्या?”

पडवी हसली, शिपाई हसला, मी हसलो. मोठ्याने हसलो. त्या कचेरीत मी तेवढा मोकळा क्वचितच हसलो असेन.

“लिव्हलं का साहेब?” तिने विचारलं.

“लिहिलं.”

ती फॉर्मकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, पण ‘नाही’ ही दोन अक्षरं तिला दिसत होती. “एवढुसंच?” ती म्हणाली. “येवढ्यात मावलं समदं?”

“मावलं. करा अंगठा.”

तिने अंगठा केला.

‘बदल असल्यास’चा रकाना कोरा होता. मी तो कोरा का ठेवला? या प्रश्नाशी मी इतक्या दुपारी झोपलो आहे की आता त्याची तीन-चार उत्तरं माझ्याकडे आहेत आणि प्रत्येक खरं वाटतं. एक असं की मला तिची दया आली. पगार चालू राहील तर राहू दे, सरकार काही बुडत नाही. दुसरं असं की मागे पन्नास बायका होत्या. तिसरं, आणि हे लिहायला मला बरीच वर्षं लागली, असं की एक नाव कमी करायचं म्हणजे काम होतं. तलाठ्याला पत्र, त्याचा पंचनामा, टिपणी, समितीपुढे प्रस्ताव. नाव आहे तसं ठेवलं तर एक सही. बदल लिहिणं कष्टाचं, बदल नाही लिहिणं सोपं. आमच्या सगळ्या कारभाराची गोम तिथे आहे. आणि आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: कागद दिला तर त्याची पोच मिळते, शिक्का मारून. तोंडी सांगितलं तर त्याची पोच नसते. ऐकणारा हीच तिची पोच.

पुढच्या वर्षी ती आपणहूनच टेबलाशी येऊन म्हणाली, “साहेब, पगार बंद न्हाई झाला अजून. येतोच हाय की.”

मी चपापलो. मागचा फॉर्म आठवला. पण आता तो दुरुस्त करायचा म्हणजे वर्षभर पैसे का गेले याचा खुलासा मला द्यावा लागला असता.

“येतोय तर घ्या,” मी म्हटलं. “वर कळवलंय. वरून यायला वेळ लागतो.”

“सरकारला म्हाईत हाय ना पर?”

“आहे.”

“मग काय न्हाई.” ती निर्धास्त झाली. टेबलावर काचेखाली माझ्या मुलीचा फोटो होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, “तुमची का? कितवीला हाय?”

“नववीला. हुशार आहे. लातूरला बदली मिळाली तर तिला तिथल्या क्लासला घालीन म्हणतो.”

“मग घ्या की बदली. पोरगी हुशार हाय तर हितं कामून ठिवायलाव?”

ते दिवसच तसे होते. लातूरच्या क्लासचं नाव गावोगाव गेलं होतं. ज्याला-त्याला आपलं पोर डॉक्टर झालेलं दिसत होतं. एस.टी. स्टँडवर, पानपट्टीच्या मागे, दवाखान्याच्या भिंतीवर, सगळीकडे निकालात आलेल्या मुलामुलींचे फोटो, आणि मी जाता-येता त्या रांगेत एक मोकळी जागा शोधायचो. माझ्या मुलीने मला डॉक्टर व्हायचंय असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते मीच म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षी तक्रार आली. शेवंताबाईच्या दिराची. तो पुण्याहून परत येऊन गावातच राहू लागला होता. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायला बाई नेमायची होती, आणि शेवंताबाईचं नाव जवळजवळ ठरलं होतं. शाळेतल्या पोरांची तिच्यावर माया होती. तिने महिनाभर असंच, कुणी नेमलेली नसताना, शिजवून वाढलंही होतं. दिराला ते काम आपल्या बायकोला हवं होतं. त्याने लिहिलं होतं: या बाईने दुसरं लग्न करून सरकारला फसवलं, विधवा म्हणून पगार खाल्ला, अशा बाईच्या हाती लेकरांचं अन्न देऊ नये.

त्या सुमारास आमच्याकडे नव्या नायब तहसीलदार मॅडम आल्या होत्या. वयाने लहान, परीक्षा देऊन आलेल्या, कागदाला पक्क्या. वाईट नव्हत्या. त्यांनी सुनावणी लावली. माझा लातूरच्या बदलीचा अर्ज त्यांच्याच शिफारशीसाठी त्यांच्या टेबलावर होता, आणि मुलगी दहावीला होती.

शेवंताबाई आली ती धुतलेलं लुगडं नेसून, एकटीच. तिला भीती वाटत नव्हती हे मला दिसलं. तिने आत आल्या आल्या माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीचं माणूस कचेरीत आहे म्हटल्यावर हलवतात तशी.

“तुम्ही दुसरं लग्न केलंत?” मॅडमनी विचारलं.

“म्होतूर लावलाय म्याडम. हाव.”

“मग कचेरीला कळवलं का नाही?”

“कळवलं की. ह्या साहेबांना. समक्ष. ज्या वर्सी लावला त्याच वर्सी.”

मॅडमनी फॉर्म उलटला. “इथे ‘नाही’ लिहिलंय. अंगठा तुमचाच ना?”

“अंगठा माझाच हाय. लिव्हनं त्यांचं हाय.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “हिने तुम्हाला सांगितलं होतं?”

खिडकीतून लिंबाची सावली आत आली होती आणि फरशीवर हलत होती. मी त्या सावलीकडे बघत होतो. मला त्यातल्या त्यात स्पष्ट आठवतं ते हे की त्या क्षणी मला कुठलाच विचार करावा लागला नाही. शब्द तयार होते.

“आठवत नाही, मॅडम.”

“आसं कसं म्हनता साहेब?” शेवंताबाईच्या आवाजात राग नव्हता, ती मला मदत करत होती, एखाद्याला हरवलेली वस्तू शोधून द्यावी तशी. “आठवा की. माठाचं सांगितलं नव्हतं का? तुमी हसला व्हता. लई हसला व्हता.”

“रोज शंभर बायका येतात,” मी मॅडमना म्हणालो. तिच्याकडे बघितलं नाही.

मग तिला समजलं. दुसऱ्या माणसाला आपलं खोटं समजलं की ते न बघताही कळतं. ती मॅडमकडे वळून म्हणाली, “पैसे भरते म्या. जे काय निघत्याल ते भरते. पर खोटं बोलली म्हनून लिवू नका तेवढं. ती येक वळ लिवू नका.”

मॅडम म्हणाल्या, “बघू.” त्या खरंच बघणार होत्या, असं मला वाटतं. पण आदेशाचा मसुदा साहेबलोक करत नाहीत, टेबलवाला करतो. मीच केला. मला नुसतं लिहिता आलं असतं की पुनर्विवाहामुळे अनुदान बंद करण्यात येत आहे. तेवढ्यावर भागलं असतं. पण ‘आठवत नाही’ म्हटल्यावर मला ते भक्कम करावंसं वाटलं. मी लिहिलं: ‘सदर महिलेने पुनर्विवाहाची बाब हेतुपुरस्सर लपवून शासनाची दिशाभूल केली आहे.’ हेतुपुरस्सर हा शब्द मॅडमच्या तोंडी कधीच नव्हता. तो माझा. कार्यालयीन मराठीत माझा हात चांगला होता, सगळे म्हणायचे. मॅडमनी वाचलं, क्षणभर पेन धरून थांबल्या आणि सही केली.

दिराने त्या आदेशाच्या झेरॉक्स काढल्या. ग्रामसभेत एकाने मोठ्याने वाचून दाखवला. खिचडीचं काम जावेला मिळालं. हे मला तलाठ्याने सांगितलं, चहा पिता पिता, दुसऱ्याच विषयाच्या ओघात.

आणि जूनमध्ये माझी लातूरला बदली झाली.

लातूरच्या त्या तीन वर्षांबद्दल लिहायला बसलो की सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसतं. क्लासच्या भागात दोन खोल्या. पहाटे उजाडायच्या आधी रस्त्यावर सायकलींचे आवाज, शेकडो मुलंमुली, पाठीवर दप्तर, ओठांनी सूत्रं पुटपुटत चाललेली, जशी सगळी एकाच झोपेत चालत असावीत. मेसचे डबे. गच्चीगच्चीवर वाळत घातलेले एकसारखे गणवेश. प्रत्येक घरमालकाच्या दारावर ‘फक्त मुलींसाठी’. माझी मुलगी त्या गर्दीतून जायची, यायची, जेवायची, झोपायची. एकदा मी तिला विचारलं, “जमतंय ना?” ती म्हणाली, “बाबा, जमत असेल तर निकालात दिसेलच.” निकालात दिसलं नाही. एक वर्ष पुन्हा दिलं, तेव्हाही दिसलं नाही. मग ती तिला हवं होतं ते, म्हणजे बी.कॉम., करायला मोकळी झाली. आज बँकेत आहे, सुखात आहे. परवा सहज म्हणाली, “बाबा, माझ्या क्लाससाठी तुम्ही काय काय केलंत, नाही?” मी हो म्हटलं आणि उठून गॅलरीत गेलो.

नोकरीत पुढे मी पुष्कळ बरं काम केलं. हे स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही, पण सांगतो. निराधारच्या टेबलावर पुन्हा बसण्याची वेळ आली तेव्हा मी ‘बदल असल्यास’चा रकाना माणूस बोलेल त्याच शब्दांत भरायचो. म्हस व्याली तर म्हस व्याली. वरिष्ठ हसायचे. एका साहेबांनी ‘साहित्यिक’ असं नाव ठेवलं. मी लिहिलेलं वाचून दाखवायचो, मगच अंगठा घ्यायचो. त्याने शेवंताबाईचं काही भागलं नाही. तिचा फॉर्म तसाच राहिला.

दीड वर्षापूर्वी नांदेडहून लातूरला चाललो होतो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, म्हणून चहाला उतरलो. मागून आवाज आला, “साहेब, वळखलं का?”

केस पांढरे झाले होते, बाकी तीच. शेजारी एक उंच, वाकलेला माणूस पिशवी धरून उभा. तो तुळशीराम असणार.

“ओळखलं,” मी म्हटलं.

“मंजी आठवायलंय तर.”

मी चहाचे पैसे काढायला उगीच खिसे चाचपू लागलो. तिने ते पाहिलं आणि विषय बदलला, माझ्यावर उपकार केल्यासारखा. “पोरगी झाली का डाक्टर?”

“नाही. बँकेत आहे.”

“चांगलं हाय की. कुठं तरी लागली. तिला म्हनावं, अंगठा घ्यायच्या आदी वाचून दावत जा.” आणि हसली. तुळशीराम हसला नाही. तो माझ्याकडे एकदाही बघत नव्हता.

“शाळेतलं काम…” मी म्हणालो.

“जावेकडंच हाय. मीठ लई टाकती, पोरं सांगत्यात.” मग म्हणाली, “साहेब, तुमी आता कचेरीत न्हाई म्हनं. रिटायर झालाव.”

“हो.”

“मग आता कुनाचं भ्या न्हाई ना तुमाला?”

“नाही.”

“मग लिवून द्या. शेवंतानं मला सांगितलं व्हतं, येवढंच. जास्त काय नगं.”

“आता त्याचा काय उपयोग, शेवंताबाई? इतकी वर्षं झाली. ते काम काही परत…”

“तुमाला नसंल उपेग,” ती म्हणाली. “गावात आजून म्हनत्यात, शेवंता काय बोलंल त्यातलं निम्मं धरावं. ह्यो बी ऐकतो ते.” तिने तुळशीरामकडे मानेने दाखवलं. “म्या आयुष्यात चोरी केली आसंल येखांदी, कुनाच्या रानातली पेंढी उचलली आसंल. खोटं न्हाई बोलले. ते न केलेलंच माझ्या नावावर बसलंय.”

कंडक्टरने घंटी मारली.

“देतो,” मी म्हटलं.

“पोस्टानं धाडलं तरी चालंल,” ती म्हणाली. “वाचून दावनारा कुनी बी भेटल.”

गाडीत बसल्यावर मी लगेच मनात मसुदा करायला लागलो. लातूर येईपर्यंत झाला होता. घरी येऊन कागदावर उतरवला तेव्हा त्यात ‘सदर’ आलं, ‘बाब’ आली, ‘अनवधानाने’ आलं. तो फाडला. दुसऱ्यात ‘तत्कालीन परिस्थितीत’ आलं. तोही फाडला. मी चांगला मसुदा करतो ही माझी ख्याती होती, आणि एका बाईने मागितलेलं एक वाक्य मला दीड वर्षात लिहिता आलेलं नाही. खरं तर लिहिता येतं. सही करता येत नाही. पेन्शनला काही होईल का, असं मी एका वकील मित्राला दुसऱ्याच्या नावावर विचारूनही पाहिलं. तो म्हणाला, काही होणार नाही. तरी नाही केली.

हा लेख छापून येईल, आणि काहींना वाटेल की आता याने सांगून टाकलं, मोकळा झाला. तसं नाही. इथे मी तिचं नाव बदललं आहे, त्याचंही बदललं आहे, तालुका आणि गाव लिहिलेलं नाही. तिच्या गावात हा अंक कुणी वाचला तरी ही तीच, हे त्याला कळणार नाही, आणि कळलं तरी दाखवायला हाती काही नाही.

मी तिला एक कागद देणं लागतो. त्यावर तिचं खरं नाव, माझं खरं नाव आणि हुद्दा, आणि दोन वाक्यं: हिने आपला बदल त्याच वर्षी मला समक्ष सांगितला होता. मी तो लिहिला नाही आणि नंतर आठवत नाही असं खोटं सांगितलं. खाली माझी सही.

तो कागद मी अजून दिलेला नाही.